वेन्झडेमधला मुका ‘डी’: इंग्रजी वार आणि लाडकी शेपटं सोडवायची रीत

नाशिकमध्ये वार कॅलेंडरच्या चौकोनापुरता राहत नाही. पत्ता सांगताना रविवार कारंजा येतो, बाजारहाट म्हटलं की गोदाकाठचा बुधवारचा बाजार आठवतो, आणि श्रावणातला तिसरा सोमवार आला की ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्यांनी त्र्यंबकच्या एसट्या भरून जातात. अशा गावातल्या मुलांना ‘संडे म्हणजे रविवार, मंडे म्हणजे सोमवार’ एवढंच पाठ करायला लावणं हा शुद्ध आळस आहे. या सात नावांत जुनं व्याकरण आहे, आकाशाचा हिशेब आहे आणि ऐकीव व्युत्पत्ती तपासायची सोयही आहे.

पाचवी ते दहावीच्या मुलांना सव्वा सव्वा तासाच्या दोन बैठका पुरतात: पहिली वारांची, दुसरी लाडानं तोडलेल्या शब्दांना लागणाऱ्या शेपटांची. जेवणाचं एक ताट, पुठ्ठ्याच्या सात गोल चकत्या, स्केचपेन आणि वही घ्या. सोबत शब्दाचं मूळ देणारा एक मोठा इंग्रजी कोश हवा. नुसत्या अर्थाचा खिशातला कोश इथे कामाचा नाही.

आधी ‘डे’ कापा, मग ‘एस’ शोधा

सातही नावं इंग्रजी स्पेलिंगसह एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकातला शेवटचा ‘डे’ रेघ मारून वेगळा करा. उरलेल्या तुकड्यांपैकी कशाच्या शेवटी ‘एस’ आहे, ते मुलांनाच शोधू द्या. तीनच सापडतील: ट्यूजडे, वेन्झडे आणि थर्झडे.

हा ‘एस’ म्हणजे षष्ठी. आज ‘रामाचं घर’ लिहिताना इंग्रजीत नावाला जो अपॉस्ट्रॉफी-एस लागतो, त्याचाच हा पूर्वज. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही नावं साधारण टीवेस्-डॅग, वोडनेस्-डॅग, थुन्रेस्-डॅग अशी होती. म्हणजे टीवचा दिवस, वोडेनचा दिवस, थुनोरचा दिवस. हे तिघे इंग्रजांच्या पूर्वजांचे देव.

आता वर्गातलं एखादं पोर विचारणारच की उरलेल्या चौघांनी काय पाप केलं? हा प्रश्न टाळू नका, सगळी मजा त्यातच आहे. जुन्या इंग्रजीत नामांचे वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाची षष्ठी वेगळी होती. आठवी-नववीच्या मुलांना संस्कृत असेल तर फळ्यावर ‘रामस्य’ आणि ‘लतायाः’ शेजारी शेजारी लिहा, लगेच कळतं. सूर्याला तेव्हा ‘सुन्ने’ म्हणत आणि तो शब्द चक्क स्त्रीलिंगी होता. चंद्र ‘मोना’, पुल्लिंगी. दोघांची षष्ठी ‘अन्’ लागून होई: सुन्नन्-डॅग, मोनन्-डॅग. पुढे तो ‘अन्’ झिजून गेला. ‘फ्रीग’ ही देवी दुसऱ्या वर्गातली, तिचं रूप फ्रीगे-डॅग. तिथे ‘एस’ नव्हताच, त्यामुळे जायचा प्रश्नच आला नाही. शनिवारचं मात्र सॅटर्नेस्-डॅग असं ‘एस’वालं रूपही होतं आणि सॅटर्-डॅग असं आखूडही. चाललं ते आखूड.

वेन्झडेच्या स्पेलिंगमधला मुका ‘डी’ आता आपोआप सुटतो. ‘डी’, ‘एन’ आणि ‘एस’ एकापाठोपाठ आले की जीभ अडखळते, म्हणून बोलण्यातून ‘डी’ गळला. लिहिणाऱ्यांनी तो ठेवला, कारण तो वोडेनच्या नावातला आहे. मुलं दोन चुका हमखास करतात. एक, ‘एन’ आणि ‘ई’ची अदलाबदल. दुसरी, ‘डी’ सापडतच नाही. उपाय एकच: लिहिताना मनात ‘वेड-नेस-डे’ म्हणायचं, बोलताना ‘वेन्झडे’.

‘डे’ स्वतःही झिजतो. जुन्या धाटणीचे इंग्रज ‘संडी, मंडी’ असं म्हणत. आपल्याकडे तेच झालंय. सोमवारचा सोमार, शनिवारचा शनवार, आदित्यवारचा ऐतवार. वर्गात कुणी ‘सोमार’ म्हणालं तर त्याला सुधारण्याआधी हे सांगा. इंग्रजांनी केलं तर उच्चार आणि खेड्यातल्या पोरानं केलं तर चूक, हा न्याय बरा नव्हे.

जोड्या ग्रहाशी लावा, देवाशी नको

वहीत तीन रकाने आखा: मराठी, रोमन, इंग्रजी. रोमनांनी वारांना ग्रहांची नावं दिली होती आणि ते ग्रह त्यांचे देवही होते. मंगळ म्हणजे मार्स, बुध म्हणजे मर्क्युरी, गुरु म्हणजे ज्युपिटर, शुक्र म्हणजे व्हीनस, शनि म्हणजे सॅटर्न. जर्मनिक टोळ्यांनी (इंग्रजांचे पूर्वज त्यांतलेच) हा आठवडा उचलला तेव्हा चार रोमन देवांच्या जागी आपले देव बसवले. मार्सच्या जागी टीव, मर्क्युरीच्या जागी वोडेन, ज्युपिटरच्या जागी थुनोर आणि व्हीनसच्या जागी फ्रीग. सूर्य आणि चंद्र यांचं नुसतं भाषांतर झालं. सॅटर्नला जुळणारा देव न मिळाल्यामुळे त्याचं रोमन नाव तसंच राहिलं. थुन्रेस्-डॅगमधला ‘न’ पुढे गळला, त्यात इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंगांच्या ‘थोर’चा हात आहे.

वोडेन आणि मर्क्युरी ही जोडी विचित्र वाटते, पण ती जुनी आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ९८ च्या सुमारास लिहितो की जर्मन लोक सर्वांत जास्त मर्क्युरीला भजतात. त्याला वोडेनच म्हणायचं होतं, असं मानतात.

हा रकाना भरताना घोळ होतो तो देव जुळवायला गेल्यामुळे. थुनोर गडगडाटाचा देव, म्हणून मुलं त्याच्यासमोर इंद्र लिहितात. इंद्राचा वार नाही. थुनोर ज्युपिटरच्या जागी बसला, ज्युपिटर हा ग्रह, तोच आपला गुरु. व्हीनस देवी आणि आपले शुक्राचार्य असुरांचे गुरू, तरी दोघांचा ग्रह एकच. आणखी एक जुना घोटाळा म्हणजे बुध आणि बुद्ध. अठराव्या शतकात विल्यम जोन्ससारख्या मोठ्या पंडितानंही वोडेन आणि बुद्ध एकच असावेत असं मांडलं होतं. ते टिकलं नाही. बुध हा ग्रह, बुद्ध ही पदवी. दोन्हींत ‘बुध्’ हा धातू आहे, नातं तेवढंच.

शनिवारबद्दल थोडं विषयांतर. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांनी सॅटर्न घेतलाच नाही. त्यांच्याकडे या वाराचं नाव ‘अंघोळीचा दिवस’. स्वीडिशमधला ‘लोरडाग’ तोच. आपल्याकडे त्याच दिवशी तेल अंगाला नव्हे, मारुतीला आणि शनिमहाराजांना जातं.

ताटावरचा आठवडा

रविवारनंतर सोमवारच का, मंगळवार का नाही? याचं उत्तर ताटावर मिळतं.

सात चकत्यांवर सात ग्रहांची नावं लिहा आणि ताटाच्या कडेनं घड्याळाच्या दिशेनं मांडा: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. हा जुन्या ज्योतिषाचा क्रम, आकाशात सगळ्यात सावकाश फिरणाऱ्यापासून सगळ्यात वेगवान फिरणाऱ्यापर्यंत. शनीला फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला जवळजवळ बारा, चंद्राला सव्वासत्तावीस दिवस. विज्ञानात हुशार असलेली मुलं इथे नेमकी चुकतात. ती सूर्य मध्यभागी धरून ‘बुध, शुक्र, पृथ्वी’ अशी मांडणी करतात आणि पुढचा हिशेब जुळत नाही. खूण सोपी आहे: यादीत रवि चौथा यायला हवा, त्याच्या आधी तीन आणि नंतर तीन.

आता दिवसाचे २४ तास, प्रत्येक तासाचा एक मालक. शनिवारचा पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, असं बोट फिरवत चला. तीन पूर्ण फेऱ्यांत २१ तास संपतात. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दुसऱ्या दिवसाचा पहिला तास रवीचा, म्हणून तो रविवार. रवीपासून तसंच मोजा, चंद्र येईल. पुढे मंगळ, बुध, गुरु, शुक्र आणि परत शनि. मुलं शनीला ‘एक’ म्हणून सुरू करतात आणि चोविसाव्यावर थांबून ‘शनीनंतर मंगळ’ म्हणतात. चोविसावा तास अजून शनिवारचाच आहे, बोट आणखी एक घर सरकवायचं. ज्यांना मोजायचा कंटाळा असेल त्यांनी दोन चकत्या सोडून तिसरी उचलावी. चोविसाला सातानं भागलं की तीन उरतात, त्याचीच ही पळवाट आहे.

आता खरी गंमत. हाच खेळ आपल्या घटिकांनी खेळा. दिवसाच्या ६० घटिका, प्रत्येक घटिकेला एक मालक. साठाला सातानं भागलं की चार उरतात, म्हणजे तीन चकत्या सोडून चौथी. शनीनंतर शुक्र येतो, मग गुरु, बुध, मंगळ, चंद्र, रवि. आठवडा उलटा फिरतो! आपला वारांचा क्रम २४ भागांच्या दिवसाशिवाय जमत नाही, आणि त्या भागाला आपलं ज्योतिष ‘होरा’ म्हणतं. शब्द ग्रीक आहे, इंग्रजी ‘अवर’ त्याचाच भाऊ. ग्रहांचे वार आपल्याकडे होऱ्यांसोबत आले. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळच्या स्तंभलेखात, इ.स. ४८४ मध्ये, तिथीबरोबर ‘सुरगुरूचा दिवस’ म्हणजे गुरुवार कोरलेला आहे. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक.

पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारखेचा मध्यरात्री. पहाटे तीनला रामकुंडावर कुणी ‘आज सोमवार’ म्हटलं तर मोबाइलच्या हिशेबानं ते बरोबर आहे, पंचांगाच्या हिशेबानं अजून रविवारच चालू आहे. होरा मोजताना सुरुवात सूर्योदयापासूनच करा, नाहीतर सगळं घसरतं.

सुट्टी का, हा प्रश्न नावाशी संबंधित नाही, पण मुलं विचारतात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं इ.स. ३२१ मध्ये सूर्याचा दिवस विश्रांतीचा ठरवला. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीतलं एक कारण होतं.

नातं कानावर ठरवू नका

नाक कापलं म्हणून नाशिक, की नऊ टेकांवर वसलं म्हणून नाशिक? दोन्ही गोष्टी इथे प्रत्येकानं ऐकल्या आहेत. ऐकायला गोड म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही, हे या गावाला वेगळं सांगायला नको. वारांच्या बाबतीत मात्र कसोटी हाताशी आहे.

जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये एक नियम मांडला. संस्कृत किंवा लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जिथे ‘द’ असतो तिथे इंग्रजीत ‘ट’ येतो: द्वि आणि टू, दश आणि टेन. ‘प’चा ‘फ’ होतो: पितृ आणि फादर, पाद आणि फुट. ‘त’चा ‘थ’ होतो: त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट. हा नियम फळ्यावर ठेवा आणि वारांना लावा. ‘टीव’मधला ‘ट’ मागे नेला की ‘द’ मिळतो, आणि शब्द निघतो तो आपला ‘देव’. ‘फ्रीग’मधला ‘फ’ मागे नेला की ‘प्रिया’. ‘थुनोर’मधला ‘थ’ मागे नेला की वेदातला ‘तन्यतु’, म्हणजे गडगडाट. नियमाची तिन्ही कलमं लागोपाठच्या दिवसांत नाही, पण एकाच आठवड्यात सापडतात.

मग सापळा लावा. ‘डे’ आणि ‘दिवस’ एकच का? बहुतेक सगळे हो म्हणतील, लॅटिनमधला ‘दिएस’ दाखवला तर आणखी ठामपणे म्हणतील. नियम लावून बघा. ‘दिवस’मधल्या ‘द’चा इंग्रजीत ‘ट’ व्हायला हवा होता. ‘डे’मध्ये ‘ड’ आहे. म्हणजे दिवस आणि दिएस एका कुळातले, डे वेगळ्या. जे सारखं ऐकू येतं ते परकं निघालं आणि ‘टीव’–‘देव’ हे ओळखूही न येणारे सख्खे निघाले. इतकी चांगली शिकवणी देणारा दुसरा शब्द मिळणं कठीण. इथे पहिली बैठक संपवा.

दुसरी बैठक: शेपटं

लाडानं, सलगीनं किंवा चिडून शब्द तोडायचा आणि त्याला शेपूट लावायचं, हा खेळ इंग्रजी आणि मराठी दोघी खेळतात. सुरुवात घरच्या मालापासून करा. प्रकाशचा पक्या, गणेशचा गण्या, विनायकचा विन्या, सुमनची सुमी, मंगलची मंगी. नाव पहिल्या स्वरापुढच्या व्यंजनावर तोडलं जातं आणि मग शेपूट लागतं. प्रकाशमधला ‘र’ तर वाटेतच पडतो.

इंग्रजीत तोडायची जागा बहुतेक तीच. टेलिव्हिजनचा ‘टेल’ ठेवून टेली, ब्रेकफास्टचं ब्रेकी, बार्बेक्यूचं बार्बी. शेपूट ‘वाय’ किंवा ‘आयई’. स्पेलिंगमध्ये लक्ष ठेवायचं ते मधल्या व्यंजनावर. आधीचा स्वर ऱ्हस्व असेल तर एकट्या अक्षराचं व्यंजन दुप्पट होतं, म्हणून टेलीत दोन ‘एल’ आणि ब्रेकीत दोन ‘के’. बार्बीत आधीच ‘आर’ आणि ‘बी’ आहेत, तिथे दुप्पट करू नका.

‘ओ’ या शेपटाचा कारखाना ऑस्ट्रेलियात आहे. आफ्टरनूनचं ‘आर्व्हो’, सर्व्हिस स्टेशन म्हणजे पेट्रोल पंपाचं ‘सर्व्हो’. एरवी माणसाला ‘ओ’ लागला की त्यात टोमणा येतो, उदाहरण ‘विअर्डो’, म्हणजे विक्षिप्त माणूस. तिसरं शेपूट ‘ईआर’, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांत बोकाळलेलं. रग्बीचं त्यांनी ‘रगर’ केलं. लंडनमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तिच्या नियमांनी खेळायचा तो ‘असोसिएशन’ फुटबॉल, आणि त्या शब्दाच्या पोटातला ‘सॉक’ काढून ‘सॉकर’. इथे तोड सुरुवातीला नाही, मध्ये आहे. का, ते वर्गातल्या मोठ्या मुलांना कोशातला ‘असोसिएशन’चा सुरुवातीचा तुकडा (‘अॅस’, म्हणजे गाढव) मोठ्यानं वाचायला सांगितला की हशा पिकून कळतं.

नुसतं तोडणं आणि शेपूट लावणं यांत गल्लत करू नका. ‘युनि’, ‘लॅब’, ‘एक्झाम’ हे तोडलेले आहेत, त्यांना शेपूट नाही. आपलं ‘सावाना’ तर तिसऱ्याच जातीचं. १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालय, नाशिक या नावातल्या तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं जोडून ते झालंय.

सगळ्यात जपायचं ते कुणी कुणाला म्हणायचं, हे. मराठीत ‘या’ बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. वर्गमित्र पक्या असतो, प्रकाशकाका नाही. इंग्रजीत ‘आयई’ला ती बंदी नाही, ‘आंटी’ आणि ‘ग्रॅनी’ मोठ्यांनाच म्हणतात. म्हणून ‘आंटी’ला ‘काके’सारखं समजायचं नाही, ते ‘काकू’च्या जवळचं आहे. उलट आपल्याकडे मान देणाऱ्या शेपटांची श्रीमंती आहे: राव, पंत, साहेब, ताई, बा. चंद्राचा चांदोबा लाडानं होतो, नागाचा नागोबा भीतीनं. आणि प्रत्येक ‘या’ हलका नसतो. ‘तात्या’ हा वडीलधाऱ्यांसाठीच आहे, त्यावर आणखी ‘साहेब’ चढला की तात्यासाहेब, नाशिककरांचे कुसुमाग्रज.

शेवटची वीस मिनिटं नकली शेपटं ओळखायला ठेवा. ‘टीचर’मधला ‘ईआर’ काम करणाऱ्याचा आहे, ‘सॉकर’मधला नाही. ‘हॅपी’चा ‘वाय’ विशेषण बनवतो, ‘सिटी’चा ‘वाय’ फ्रेंचमधून शब्दासोबत आलाय. ‘हॉलिडे’ म्हणजे ‘होली डे’, पवित्र दिवस, पहिला स्वर आखूड झालेला. तपासायचा प्रश्न एकच: शेपूट काढल्यावर जे उरतं त्याचा लांब, पूर्ण शब्द दाखवता येतो का? टेलीचा येतो, सिटीचा येत नाही.

सर्वांत शेवटी ‘डेझी’ द्या. फुलाचं नाव, मुलीचंही नाव, शेवटी ‘वाय’. सगळे त्याला लाडाचं शेपूट म्हणतील. कोश उघडायला लावा. जुनं रूप आहे ‘डॅगेस्-एआगे’, दिवसाचा डोळा, कारण हे फूल सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. ‘डे’ तोच, मधला ‘एस’ षष्ठीचाच, आणि शेवटचा ‘वाय’ म्हणजे झिजून राहिलेला ‘आय’, डोळा.